जुने कौलारू घर दोघांनी मिळून दुरुस्त करताना: कामाचा क्रम आणि निर्णयांची पद्धत

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची जुनी घरे बहुतेक एकाच घडणीची असतात. जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती, मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, पुढे पडवी, मग ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि वर माळा. वारशाने आलेले किंवा नव्याने विकत घेतलेले असे घर राहण्याजोगे करू पाहणाऱ्या, पण बांधकामाचा अनुभव नसलेल्या जोडप्यांसाठी हा लेख आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की जुन्या घराचे काम वाईट साहित्यामुळे क्वचितच बिघडते. बिघडते ते क्रम चुकल्यामुळे. आधी पाणी, मग लाकूड आणि भिंती, त्यानंतर वीज आणि नळ, आणि सर्वांत शेवटी फरशी व रंग, हा क्रम घराला पाळावाच लागतो. तसाच एक क्रम दोघांच्या निर्णयांनाही लागतो, आणि तो काम सुरू होण्यापूर्वी ठरला नाही तर छप्पर उघडे असताना ओटीवर उभे राहून ठरवावा लागतो.

पहिली पायरी: एक पावसाळा घर पाहून घ्या

कोकणपट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहूनही जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे मे महिन्यात घर पाहून केलेला दुरुस्तीचा अंदाज फारसा कामाचा नसतो. शक्य असेल तर एक पावसाळा घराला हात न लावता त्यात राहा किंवा निदान मुसळधार पावसाच्या दिवसांत अधूनमधून जाऊन या. घराचा साधा नकाशा कागदावर काढा आणि कुठे गळते, वारा कोणत्या दिशेचा असताना गळते, पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून किती अंतरावर पडते, अंगणातले पाणी घराकडे येते की घरापासून दूर जाते, आणि भिंतीवर ओल जमिनीपासून किती उंचीपर्यंत चढते, हे त्याच नकाशावर तारखेसह लिहीत जा. शेजारच्या जाणत्या माणसांनाही विचारा, कारण कोणत्या खोलीत पूर्वी गळतीखाली भांडे लावावे लागत असे किंवा कोणती भिंत मागाहून बांधली आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.

ओल नेमकी कुठून येते हे ओळखण्याची एक सोपी चाचणी आहे. भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे. प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले असतील तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमले असतील तर ती हवेतली आहे आणि तिला खिडक्या उघडणे, वारा खेळता ठेवणे एवढाच उपाय पुरतो. या दोन ओलींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि पहिल्या ओलीवर वॉटरप्रूफ रंग फासून काहीही साधत नाही.

दुसरी पायरी: कागदपत्रे

सातबारा जमिनीचा असतो. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीच्या नोंदवहीत असते आणि गावात तिला बहुधा नुसते 'असेसमेंट' म्हणतात. हा उतारा काढावाच, मात्र तो कराचा कागद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवावे. घर गावठाणात असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका मिळते का ते पाहावे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत अशा पत्रिका नव्याने तयार झाल्या आहेत.

घर वडिलोपार्जित असेल तर वारस नोंद पूर्ण झाली आहे का, हे पैसे घालण्याआधी तपासणे अगत्याचे आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, म्हणून आत्या आणि बहिणी यांना 'त्यांचे काय, त्या सासरी गेल्या' म्हणून वगळता येत नाही. कोणी आपला हिस्सा सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. वाटणी झालेली नसेल आणि ती लगेच होण्यासारखीही नसेल, तर निदान सर्व हिस्सेदारांकडून दुरुस्तीला संमती असल्याचे लेखी घ्या आणि खर्च कोण करणार, त्या खर्चाचा पुढे वाटणीत विचार होणार की नाही, हेही त्यातच लिहा. गणपती बसतो ती जागा, देवघर आणि तुळशी वृंदावन यांना हात लावायचा असेल तर भावकीशी आधी बोललेले बरे. तिथे कायद्याचा प्रश्न नसतो, पण वर्षातून एकदा सगळ्यांना त्याच घरात एकत्र यायचे असते.

आहे त्या जोत्यावर कौले बदलणे, गिलावा करणे यासारखी कामे आणि नवी खोली काढणे किंवा मजला चढवणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकाराला बहुधा परवानगी लागते, तिची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. पहिल्या प्रकारासाठीसुद्धा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) भेटून, करायचे काम लिहून अर्ज देऊन पोच घ्यावी. घर समुद्रालगत किंवा खाडीच्या काठी असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम लागू होतात आणि तिथे वाढीव बांधकामाची चौकशी नकाशा काढण्याआधी करावी.

तिसरी पायरी: दोघांनी आधी कागदावर ठरवा

या पायरीला पैसे लागत नाहीत, म्हणून ती बहुतेक जण गाळतात. दोघांनी वेगवेगळे बसून, एकमेकांना न दाखवता, या घरात आपण कसे राहणार हे लिहून काढावे. वर्षातले किती महिने राहणार, म्हातारपणी इथेच येणार का, आई-वडील राहणार असतील तर त्यांना उंच उंबरठा आणि बाहेरचा संडास झेपेल का, घरून कामासाठी बसायला जागा लागेल का, पाहुणे किती येतील. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत. एकाच्या मनात सणासुदीचे घर आणि दुसऱ्याच्या मनात कायमचे राहते घर असेल, तर पुढचा प्रत्येक वाद, मग तो वरवर नळाचा असो की फरशीचा, मुळात याच फरकाचा असतो.

त्यानंतर निर्णयांचे दोन भाग पाडा: पुढे बदलता येणारे आणि न येणारे. रंग, दिवे, पडदे, कपाटे हे पुढे बदलता येते. असे निर्णय ज्याच्याकडे ते काम आहे त्याने एकट्याने घ्यावेत आणि दुसऱ्याने त्यावर नंतर टीका करू नये. भिंत पाडणे, नवी खिडकी फोडणे, छपराचा प्रकार बदलणे, संडासाची जागा ठरवणे, झाड तोडणे, जुने दार किंवा खांब विकून टाकणे, हे मात्र एकदा झाले की झाले. यांपैकी काहीही दोघांच्या होकाराशिवाय होऊ नये आणि एकाचा जरी होकार नसेल तर ते काम त्या हंगामात थांबावे. खर्चाचीही एक मर्यादा ठरवून घ्या, जिच्यावरची प्रत्येक खरेदी दोघांना विचारूनच होईल.

पैशाबद्दल स्पष्ट बोलणे अवघड वाटते, तरीही ते टाळू नये. घर बहुतेकदा एकाच्या माहेरचे किंवा दुसऱ्याच्या घराण्याचे असते, आणि दुरुस्तीत मात्र दोघांची बचत जाते. ज्याचे नाव कागदावर नाही त्याच्या पैशाची नोंद कुठेतरी राहिलीच पाहिजे, कारण नाते चांगले असतानाच हे न दुखावता लिहिता येते. घर एकट्याच्या मालकीचे असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये पती-पत्नी दोघांची नावे लावून घेता येतात; ती लावून घ्यावीत असे मी सुचवेन. घराच्या कामासाठी वेगळे संयुक्त खाते काढा आणि सगळे पैसे त्यातूनच जाऊ द्या. कोणी जास्त रक्कम घातली म्हणून त्याचे मत जास्त वजनाचे ठरत नाही, हेही आधीच एकमेकांना सांगून ठेवावे.

शेवटी कामांची वाटणी. एकाने गवंडी, सुतार आणि साइट पाहावी. दुसऱ्याने कागदपत्रे, हिशेब आणि खरेदी. मिस्त्रीला सूचना नेहमी एकाच माणसाकडून जाव्यात. सकाळी एकाने खिडकी मोठी करायला सांगायची आणि संध्याकाळी फोनवरून दुसऱ्याने आहे तशी ठेवायला सांगायची, असे दोनदा झाले की मिस्त्री दोघांचेही ऐकणे सोडतो आणि स्वतःला सोयीचे तेच करतो.

चौथी पायरी: लाकूड आणि भिंती तपासणे

पावसाळा संपला की ऑक्टोबरात अनुभवी सुताराला आणि शक्य असल्यास जुन्या बांधकामांची कामे केलेल्या स्थापत्य अभियंत्याला बोलावून तपासणी करावी. यावेळी दोघांनीही हजर राहावे, कारण घराची खरी अवस्था दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेली असली की पुढे पैसे कुठे गेले यावर वाद होत नाहीत.

जुन्या घरात साग, फणस, आईन, किंजळ अशी लाकडे असतात आणि त्यांचा मधला भाग शंभर वर्षांनीही टणक सापडतो. कुजते ते टोक, जिथे तुळई (भार घेणारे आडवे लाकूड) किंवा वासा (छपराचे उतरते लाकूड) भिंतीत शिरतो किंवा पागोळीपाशी भिजतो. चांगला सुतार तुळईवर हातोडीने ठोकत ठोकत मधल्या भागापासून टोकाकडे जातो. खणखणीत आवाज बद्द झाला की तिथे थांबतो आणि पटाशीचे टोक दाबून पाहतो. पटाशी नखभर गेली तर वरचेच लाकूड नरम आहे. बोटभर सहज आत गेली तर टोक गेले आहे. अशा वेळी संपूर्ण तुळई बदलावी लागतेच असे नाही. टेकू लावून कुजलेला भाग कापून, त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा लांब तिरका सांधा करून बोल्टने आवळला की तुळई वाचते. 'सगळेच काढून टाकू, लोखंडी करू' असा सल्ला पहिल्याच भेटीत देणाऱ्या माणसाकडून काम करून घेण्याआधी दुसऱ्या सुताराचे मत घ्यावे.

वाळवी आणि घुण यांत गल्लत करू नये. वाळवी भिंतीवरून मातीच्या नळ्या करत चढते, तर घुण लागलेल्या लाकडाला टाचणीएवढी गोल भोके पडतात आणि खाली पिठासारखा भुसा सांडतो. वाळवीचा उपाय जमिनीतून करावा लागतो. भिंत आणि जमीन मिळते त्या रेषेत साधारण फुटाफुटावर भोके पाडून त्यांत औषध भरतात, आणि हे काम नवी जमीन करण्याआधीच झाले पाहिजे. विहीर जवळ असेल तर ते औषध देणाऱ्याला आधीच सांगा, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि त्यातून पाणी बरेच लांब झिरपते.

भिंतींत केसाएवढे तडे असणे फारसे काळजीचे नसते. तडा वरून खाली रुंद होत गेलेला असेल, कोपऱ्यातून दोन भिंती सुटल्यासारख्या दिसत असतील किंवा ओळंबा लावल्यावर भिंत बाहेर झुकलेली आढळत असेल, तर अभियंत्याशिवाय पुढे जाऊ नये. चिऱ्यांच्या अनेक जुन्या भिंती मातीत रचलेल्या आहेत आणि छपराचा भार त्यांच्यावरच असतो, म्हणून ओटी आणि माजघर एक करण्यासाठी मधली भिंत काढण्याची कल्पना कितीही आवडली तरी तिचे उत्तर बहुधा नाही असेच असते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप कोकणानेही अनुभवला आहे. अशा मुलखात मातीतल्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब चढवणे मला धोक्याचे वाटते.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक आणि माणसे

अंदाजपत्रक खोलीवार न करता कामावार करा: छप्पर, भिंती, जमीन, वीज, पाणी, दारे-खिडक्या, रंग. जुन्या घरात उघडल्यावरच कळणाऱ्या गोष्टी असतात, त्यामुळे एकूण रकमेच्या निदान वीस टक्के रक्कम वेगळी ठेवून तिला हात लावू नये. पैसे अपुरे पडणार असे दिसले तर प्रत्येक कामाचा दर्जा थोडा थोडा खाली आणू नका. यादीतली शेवटची कामे पुढच्या वर्षावर ढकला.

लाकूड, चिरे आणि कौले स्वतः खरेदी करून मजुरीवर काम देणे नवख्यांना जड जाते, पण जुन्या घरात साहित्य सरसकट मिस्त्रीवर सोपवणेही बरे नाही. मधला मार्ग असा की लाकूड, कौले, वायर आणि नळसामान तुम्ही घ्यावे आणि सिमेंट, वाळू, खडी मिस्त्रीने आणावी. पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावेत आणि सुमारे दहा टक्के रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत राखून ठेवावी. ही अट सुरुवातीलाच लिहून दोघांच्या आणि मिस्त्रीच्या सह्या घ्याव्यात. वेळापत्रक आखताना शिमग्याचे दिवस धरू नका, कारण तेव्हा कोकणात माणसे मिळत नाहीत. चिरेखाणीही पावसाळ्यात बंद असतात, म्हणून चिऱ्यांची मागणी वेळेवर नोंदवा.

सहावी पायरी: छप्पर

छपराचे काम जानेवारी ते मार्च या काळात करावे आणि एप्रिलअखेर घर पूर्ण झाकलेले असावे. मेमध्ये वळवाचा पाऊस कधीही येतो. एका वेळी एकच पाखे, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, उघडावे आणि ते झाकल्यावरच दुसरे काढावे.

पहिला प्रश्न असतो कौले ठेवायची की पत्रे घालायचे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात काढला आणि तिथून ही कौले किनाऱ्याने सगळीकडे पसरली. घराची कौले उतरवताना पाठीमागे कारखान्याचे नाव आणि शिक्का सापडतो. अशी जुनी कौले नीट भाजलेली असतील तर आजही वापरता येतात. प्रत्येक कौल बोटाने टिचकी मारून पाहावे: खणकले तर ठेवावे, बद्द वाजले तर त्याला तडा आहे. मग ताठ ब्रशने शेवाळ घासून, धुऊन, उन्हात वाळवून रचून ठेवावीत. शंभर चौरस फुटांना साधारण १३० ते १५० कौले लागतात. काढ-घाल करताना काही फुटतातच, म्हणून त्याच मापाची जादा कौले आधीच मिळवून ठेवा, कारण वेगवेगळ्या कारखान्यांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते.

गावोगाव लोक पत्र्याकडे वळतात त्याला खरे कारण आहे. माकडे कौलांवर उड्या मारतात, दरवर्षी शाकारणी (कौले काढून पुन्हा नीट बसवणे) करावी लागते आणि शाकारणारी माणसे कमी होत चालली आहेत. पत्रा हलका असतो आणि फुटत नाही, पण उन्हाळ्यात खालची खोली तापते, पावसात घरात बोलणे ऐकू येत नाही आणि समुद्रापासून जवळ असलेल्या घरांत खाऱ्या वाऱ्याने स्क्रूपाशी गंज लवकर धरतो. माझा कल असा की लाकूड निम्म्याहून अधिक चांगले असेल आणि घरात निदान वर्षातले काही महिने कोणी राहणार असेल तर कौलेच ठेवावीत. घर दहा महिने बंद राहणार असेल तर पत्रा घालण्यात काही वावगे नाही, फक्त त्याखाली उष्णता अडवणारा थर आणि लाकडी किंवा तत्सम छत घालावे. जुने छप्पर ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे असेल तर ते पत्रे फोडू किंवा कापू नयेत; ओले करून अखंड उतरवावेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

कौले ठेवायची ठरली की आढे (माथ्यावरचे आडवे लाकूड), वासे आणि रीपा (कौले टेकतात त्या पट्ट्या) या क्रमाने काम चालते. आढ्यावरून दोरी धरून पाखे सरळ आहे का ते पाहावे, कारण मध्ये झोळ आला की तिथल्या कौलांचे सांधे उघडे पडतात. रीपांचे अंतर कौलाच्या मापावरून ठरते. दोन्ही टोकांना प्रत्यक्ष कौले मांडून पाहिल्याशिवाय सुताराला खिळा मारू देऊ नका. घराच्या आवारातले फणसाचे झाड तोडून लाकूड काढण्याचा विचार असेल तर लक्षात ठेवा की महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली फणस, आंबा, साग, आईन, किंजळ अशा झाडांसाठी परवानगी लागते, शिवाय ओले लाकूड लगेच वापरले तर ते पिळते आणि फाटते. त्यापेक्षा पाडलेल्या घरांचे जुने, मुरलेले लाकूड विकत घेणे चांगले. नव्या-जुन्या सर्व लाकडांना बसवण्याआधी, विशेषतः भिंतीत जाणाऱ्या टोकांना, वाळवीप्रतिबंधक औषध द्यावे. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी रीत आहे आणि ती गुणकारी आहे, मात्र ते तेल कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावावे.

जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते या वादळांनंतर छप्पर भिंतीला बांधून ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. वासे भिंतीवरच्या तुळईला लोखंडी पट्टीने आणि ती तुळई भिंतीत खोल गाडलेल्या सळईने जखडून घ्यावी. पागोळीच्या, बाजूच्या आणि आढ्याजवळच्या रांगांतली कौले तारेने रीपेला बांधावीत, कारण वारा आधी कडा उचलतो. माजघर काळोखे असेल तर भिंत फोडण्याऐवजी चार-पाच काचेची कौले घालून पाहा. दुपारी तिथे दिवा लागत नाही.

सातवी पायरी: भिंती आणि जमीन

भिंतीची ओल आतून नव्हे तर बाहेरून थांबवायची असते. आधी घराभोवतीची माती जोत्याच्या खाली उतरवा, पागोळ्यांखाली चिऱ्यांची किंवा काँक्रीटची पन्हळ करून पाणी उताराने बाहेर काढा आणि मगच गिलाव्याला हात घाला. जांभा पाणी शोषतो आणि कोरड्या दिवसांत ते सोडून देतो. मातीत रचलेल्या भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा केला की ते पाणी अडकते, ओल आणखी वर चढते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पोपडे निघतात. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा, म्हणजे एक भाग चुना आणि तीन भाग वाळू, उत्तम. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळाला नाही तर सिमेंट, चुना आणि वाळू यांचे १:२:९ असे नरम मिश्रण चालते. बाहेरून चिरा उघडा ठेवायचा असेल तर दरजा (चिऱ्यांमधले सांधे) खरवडून याच मिश्रणाने भराव्यात. खाडीची वाळू वापरली जाणार असेल तर ती गोड्या पाण्याने धुतलेली असल्याची खात्री करा. तिच्यातले मीठ पुढे भिंतीवर पांढरे होऊन उमटत राहते.

जमीन पुढच्या पायरीतली वीज आणि नळाची कामे झाल्यावरच करावी. तिच्यासाठी कोबा, शहाबादी किंवा कडाप्पा ओलसर घरात चांगले टिकतात. चकचकीत टाइल पावसाळ्यात निसरडी होते, आणि म्हातारी माणसे असलेल्या घरात मी ती घालणार नाही.

आठवी पायरी: वीज, पाणी, संडास

जुन्या घरातली लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग दुरुस्त करत बसू नये. ती पूर्ण काढावी. दिव्यांसाठी १.५, प्लगसाठी २.५ आणि गिझर किंवा एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, प्रत्येकासाठी वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारे बटण), आणि सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसू लागला की पुरवठा तोडणारे बटण) घ्यावा. नवे अर्थिंग करून ते मोजून घ्यावे. कोकणात विजा खूप पडतात, म्हणून मीटरजवळ सर्ज संरक्षकही (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे उपकरण) बसवावा. चिऱ्याच्या भिंतीला वायरसाठी खोल खाचा मारू नका. पाइप वरून नेणे किंवा नव्या जमिनीखालून घेणे अधिक बरे. भार वाढणार असेल तर परवानाधारक ठेकेदाराच्या चाचणी अहवालासह महावितरणकडे अर्ज करावा.

संडास घराला जोडून घेताना शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास-साठ फूट आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. शेजाऱ्याची विहीरही मोजायची असते. न्हाणीघर जुन्या भिंतींना टेकवून करण्यापेक्षा मागच्या पडवीत स्वतंत्र भिंती उभारून केले तर मूळ चिऱ्यांना ओल लागत नाही आणि नळ दुरुस्त करणेही सोपे जाते.

काम चालू असताना

दोघांपैकी एक मुंबईत आणि एक गावात अशी स्थिती नेहमीची आहे. गावातल्याने रोज संध्याकाळी चार-पाच फोटो आणि दोन ओळी पाठवाव्यात, निर्णय मात्र फोटोवरून घेऊ नयेत. ते आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी, वही समोर ठेवून बोलून घ्यावेत. वहीत तारीख, काय ठरले, किती पैसे गेले आणि काय राहिले एवढेच लिहावे. कोण बरोबर होते हे तीत लिहू नये. मिस्त्रीसमोर एकमेकांचे म्हणणे खोडू नका. 'उद्या सांगतो' म्हणून बाजूला जाऊन बोला. एखाद्या तांत्रिक बाबतीत दोघांचे जमलेच नाही तर आधी नेमलेल्या अभियंत्याचे मत अंतिम मानावे. नातेवाइकांना पंच करू नये, कारण त्यांचे मत घराबद्दल असते तितकेच तुमच्याबद्दलही असते.

धुळीत राहून काम करून घेणे दोघांनाही थकवते. निदान एक खोली आणि एक मोरी शेवटपर्यंत मोडू नका, म्हणजे साइटवर थांबणाऱ्याला कोरडी जागा आणि चहा करण्यापुरती सोय राहते. साइटवर राहणाऱ्याचे कष्ट पैशात मोजले जात नाहीत, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी जागा बदला. शहरातल्याने गावात यावे आणि गावातल्याने चार दिवस निवांत झोपावे.

पावसाआधी आणि पहिल्या पावसात

जमीन करण्यापूर्वी आणि गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे आणि खोलीचे मोजपट्टी धरून फोटो काढा, म्हणजे पाइप आणि वायर कुठून गेल्या आहेत हे पुढे खिळा ठोकताना कळेल. हे फोटो, वायरिंगचा नकाशा, बिले, औषधफवारणीची हमी आणि परवानग्या एकाच फायलीत ठेवा आणि तिची एक प्रत दोघांकडे असू द्या. उरलेली कौले मागच्या पडवीत उभी रचून ठेवावीत. तीच कौले पाच वर्षांनी बाजारात मिळतील असे नाही.

मृगाच्या आधी पन्हळी साफ करून घ्याव्यात, छपरावर येणाऱ्या फांद्या छाटाव्यात आणि माळ्यावर जाऊन दिवसा कौलांतून उजेड कुठे दिसतो ते पाहावे. जिथे उजेड येतो तिथून पाणीही येते. पहिल्या मोठ्या पावसात दोघांनी बॅटरी घेऊन माळ्यापासून मोरीपर्यंत फिरावे आणि पहिल्या पायरीत काढलेल्या नकाशाची नवी प्रत घेऊन तिच्यावर खुणा कराव्यात. दोन-चार ठिकाणी टिपकणारच. कौले नव्याने बसवल्यावर ती एकमेकांत मुरायला थोडा काळ जातो आणि सुतार तासाभरात ती सरकवून देतो. मात्र एकाच रेषेत सलग गळत असेल तर रीपांचे अंतर चुकले आहे आणि ते पाखे पाऊस उघडल्यावर पुन्हा बसवून घ्यावे लागेल. मिस्त्रीची राखून ठेवलेली रक्कम जुलैच्या मध्यानंतर, ही यादी त्याच्यासोबत पाहून आणि राहिलेली कामे पूर्ण करून घेऊन मगच द्यावी.